नागपूरहून पावणेदोन तास

वणीच्या कोर्टात सरांना अंतर विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. पडलाच, तर तो नवखा असे. मी पहिल्याच दिवशी पडले.

आर्णीहून आले होते, अंगावर नवा काळा कोट होता आणि काय बोलावं ते सुचत नव्हतं. सरांच्या ऑफिसात ना गणपतीचा फोटो, ना कॅलेंडर. कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाशेजारी भारताचा एक मोठा नकाशा, त्यावर नागपूरला एक खिळा, कलकत्त्याला दुसरा, आणि दोघांच्या मध्ये ताणून बांधलेला लाल दोरा. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "सर, कलकत्ता किती दूर आहे?"

सरांनी पेन खाली ठेवला, चष्मा काढला.

"कशानं?"

"म्हणजे?"

"रेल्वेनं विचारून राह्यली का विमानानं? सरळ रेघेनं मोजलं तर हजार किलोमीटरले थोडं कमी. नागपूरहून विमानानं पावणेदोन तास. पण हे जातानीचं झालं. येतानी जास्ती लागते."

"असं कसं सर? अंतर तर तेच."

"अंतर तेच. वारा तो नाही." सर खुर्चीतून उठले आणि नकाशापाशी गेले. "पावसाळा सोडला तर वरतं वारा असा वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडं. हिवाळ्यात तर लय जोरात. तिच्याकडं जातानी तो पाठीवर हात ठेवून ढकलते. अन् तिच्यापासून परत येतानी छातीवर हात देऊन अडवते. समजलं?"

मला ते समजलं नाही. 'ती' कोण, हेही समजलं नाही. संध्याकाळी ऑफिसचे मुन्शीजी कुलूप लावता लावता म्हणाले, "ती म्हणजे आपल्या काकू. सरांच्या मिसेस. हवामान खात्यात आहेत. सध्या कलकत्त्याच्या विमानतळावर."

लग्नाला तीस वर्षं होत आली होती आणि दोघं एका घरात राहिली होती ती फक्त सुट्ट्यांमध्ये. लग्न झालं तेव्हा काकू नागपूरला होत्या. वर्षभरात गुवाहाटीला बदली झाली, मग दक्षिणेत तिरुवनंतपुरमला, मग कलकत्त्याला. दरवेळी सर नकाशावरचा दुसरा खिळा काढून नव्या गावी ठोकत आणि दोरा पुन्हा ताणून बांधत. मूलबाळ नव्हतं. त्यावरही गाव काय बोलायचं ते बोलून मोकळं झालं होतं. काहींच्या मते त्यांचं केव्हाच फाटलं होतं, फक्त वकील असल्यामुळे सरांनी स्वतःची केस दाखल केली नव्हती.

फाटलं नव्हतं, याचा पुरावा मात्र सर अंगावरच वागवत. भर मे महिन्यात, डांबर वितळवणाऱ्या उन्हात, ते कधीकधी काखेत छत्री घेऊन कोर्टात येत. रिक्षावाल्यापासून शिरस्तेदारापर्यंत सगळे विचारत, "वकीलसाहेब, छत्री कायले?" सर गंभीरपणे सांगत, "तिकडं सकाळपासून पाणी चालू आहे." एकदा थंडीत मफलर न घालता आले, नाक लाल झालं होतं, शिंका येत होत्या. मी म्हटलं, "सर, आज तर फार थंडी आहे." म्हणाले, "कलकत्त्याले नाही ना." मग स्वतःच हसले, आणि मुन्शीजींनी आपला मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला तेव्हा नाही म्हणाले नाहीत.

पक्षकार आला की सर आधी केस विचारत नसत. "कुठून आले? किती वेळ लागला?" एकदा झरी जामणीकडच्या एका जंगलातल्या गावाहून एक म्हातारे बाबा जमिनीच्या कामासाठी आले. पहाटे निघालेले, फाट्यापर्यंत पायी, मग काळीपिवळी जीप, मग बस. सरांनी त्यांना आधी पाणी दिलं, मग चहा, मग नकाशाकडे बोट केलं. "बाबा, तुमचं गाव कलकत्त्याच्याही पलीकडं आहे." बाबा हसले. "नाही सायेब, मुकुटबनच्या पलीकडं." पण सर चेष्टा करत नव्हते. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहून त्यांनी विनंती केली, की हा माणूस अकराच्या पुकाऱ्याला पोहोचू शकत नाही, त्याचं प्रकरण दुपारनंतर घ्यावं. नकाशावरची जवळीक खरी नसते, असं काहीतरी ते इतक्या कळकळीनं बोलले की समोरच्या बाजूचे वकीलही गप्प बसले. त्यानंतर झरीकडच्या माणसांची प्रकरणं दुपारीच पुकारली जाऊ लागली.

सगळ्याच पक्षकारांना हे मानवत असे असं नाही. एक तरुण आला होता, कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला. बायको चंद्रपूरला नर्स, नोकरी सोडून वणीला येत नाही, म्हणून घटस्फोट हवा. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चंद्रपूर किती दूर आहे इथून?"

"दीड तास लागते सर बसनं."

"दीड तास?" सर ताडकन उठले. "अरे, दीड तासासाठी लग्न मोडायले निंगाला तू? माह्यी बायको पावणेदोन तासावर आहे, ते बी विमानानं! मी गेलो का कोर्टात?"

तो पोरगा खाली मान घालून निघून गेला आणि त्यानं दुसरा वकील केला.

त्या दिवशी मला राहवलं नाही. "सर, पावणेदोन तास हे फक्त विमानाचे झाले. इथून नागपूर तीन तास, विमानतळावर दोन तास आधी जायचं, तिकडं उतरल्यावर पुन्हा टॅक्सी. दिवस जातो."

सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही मी साक्षीदाराला भर कोर्टात खोटं पाडलं असावं. "ते मोजायचं नसते बेटा," म्हणाले. "तेवढं तर कोणालेबी लागते."

रोज संध्याकाळी साडेसातला ते फोन करत. त्या वेळी आम्ही ऑफिसात असलो तरी चालत असे, कारण बोलणं सगळं दोन माणसांनी दिवसभर साठवलेल्या गोष्टींचं. कोण न्यायाधीश काय बोलले, तिकडं धुक्यानं किती विमानं खोळंबली, इकडं कापसाच्या गाड्यांनी रस्ता कसा अडवला. सरांचा आवाज फोनवर वेगळाच होई, हलका, खट्याळ. व्हिडिओ कॉल मात्र ते कधी करत नसत. "चेहरा दिसला की मले बोलणं सुचत नाही," म्हणत. मला तेव्हा ते फक्त गमतीचं वाटलं होतं.

काकूंच्या निवृत्तीचा महिना जवळ आला तसे सर उत्साहात आले. वरच्या मजल्यावरच्या घराला रंग दिला. नवा पंखा लावला. पलंग या भिंतीकडून त्या भिंतीला नेला आणि परत आणला. आणि मग एका दुपारी, बार रूममध्ये कोणी नाही असं पाहून, माझ्याशेजारी येऊन बसले.

"बेटा, एक विचारू? तुह्या घरी तुहे मायबाप रोज काय बोलतात?"

"काय बोलणार सर? तूर वाळून राह्यली, सोयाबीनले भाव नाही, शेतात वानरं घुसले."

"अन् ते संपल्यावर?"

"ते संपतच नाही सर."

सरांनी कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "आमच्याकडं शेत बी नाही," म्हणाले.

काकू आल्या. बारीक चणीच्या, केस आखूड कापलेले आणि पांढरे. गाडीतून उतरल्या, आधी वर पाहिलं, मग आमच्याकडे. "दुपारून धूळ उडेल," म्हणाल्या. उडाली. सर माझ्याकडे वळून अशा अभिमानानं हसले, जसा तो वारा काकूंनीच सोडला होता.

पुढचे काही आठवडे मी फार अवघडून काढले, कारण दोघंही मला जेवायला बोलवत. सर एकीकडून, काकू दुसरीकडून. जेवणाच्या टेबलाशी ती दोघं एसटीत शेजारी आलेल्या अनोळखी प्रवाशांसारखी बसत.

"मीठ बरोबर आहे?"

"आहे."

"पोळी घ्या."

"घेतो."

मग दोघंही माझ्याकडे पाहत. मी आर्णीची वानरं काढत असे. वर्षानुवर्षं एकटं राहिलेली माणसं ती. सरांना उभ्या उभ्या जेवायची सवय, काकूंना पहाटे उठून गच्चीवर जायची. सर रेडिओ लावत, काकू न बोलता बंद करत. सर बाहेरून येत आणि आपल्याच घराच्या दाराशी थबकून विचारत, "येऊ का?" भांडण नव्हतं. भांडायला जी सलगी लागते ती नव्हती.

एकदा संध्याकाळी मी खाली ऑफिसात दावा तयार करत होते. साडेसात झाले. सरांनी सवयीनं फोन उचलला, नंबर लावला. वरच्या मजल्यावर घंटी वाजल्याचं मला ऐकू आलं. मला वाटलं, काहीतरी आणायला सांगायचं असेल.

"हां, बोल," सर म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. "काय केलं दिवसभर? ...नाही नाही, आधी माह्यं ऐक. आज कोर्टात काय झालं मालूम आहे का?"

तोच आवाज, हलका, खट्याळ. मी उठून जायला निघाले तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. कोर्टातला किस्सा रंगला. मग एक हसू मी दोनदा ऐकलं, एकदा फोनमधून आणि एकदा छतामधून.

त्यानंतर ते रोजचंच झालं. जेवताना मुके, आणि साडेसातला खालून वर फोन. गावात कळलं असतं तर लोकांनी दोघांना वेड्यात काढलं असतं. मुन्शीजींना कळलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चालू द्या. घरात रेंज चांगली आहे."

काकूंशी माझी ओळख गच्चीवर झाली. दुपारी त्या तिथं खुर्ची टाकून ढग पाहत बसत. कोणतं विमान कुठून कुठे चाललं असेल ते सांगत. नागपूरच्या आकाशातून देशभरची विमानं जातात, वणीवरून त्यांच्या पांढऱ्या रेघा दिसतात. मी विचारलं, "काकू, सरांना हे अंतराचं वेड कधीपासून?"

"माझ्यामुळंच," त्या म्हणाल्या. "गुवाहाटीची ऑर्डर आली तेव्हा सासूबाई रडायला लागल्या. म्हणाल्या, किती दूर चालली माय. मी त्यांना सांगितलं, आई, विमानानं तर सकाळी निघालं की जेवायला घरी. विमानाचं तिकीट तेव्हा कोणाला परवडत होतं? पण त्यांना बरं वाटलं. त्या शेजारणींनाही तेच सांगत. त्या गेल्या, आणि मग हे सांगायला लागले."

थोडा वेळ त्या वरच्या एका रेघेकडे पाहत राहिल्या.

"दर बदलीला मी यांना विचारलं, माझ्यासोबत चलता का? वकिली कुठंही करता येते. हे म्हणायचे, सांगतो. आई होत्या तोवर मला पटत होतं. नंतर मी विचारत राहिले आणि हे सांगतो म्हणत राहिले. यांनी मला जा म्हणताना कधी तोंड वाकडं केलं नाही, तेही खरं. माझ्या बरोबरीच्या किती जणींना घरच्यांनी नोकरी सोडायला लावली."

तक्रार नव्हती आवाजात. हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

थंडी सुरू झाली होती. एका संध्याकाळी सरांचा फोन चालू होता आणि मी फाईल बांधत होते. बोलता बोलता सर एकदम ताठ बसले.

"पुण्याले? ...कोणी बोलावलं? ...नवीन पोरायले शिकवायले? दोन वर्षं?"

मग ते खुर्चीतच वळले. नकाशाकडे पाहत होते.

"पुणं म्हणजे काही दूर नाही," अखेर म्हणाले. "नागपूरहून सरळ रेघेनं सहाशे किलोमीटर असंन. विमानानं दीड तास. कलकत्त्याहून जवळच झालं. फक्त हिवाळ्यात जातानी..."

जिन्यावर पावलं वाजली. काकू खाली आल्या होत्या, दारात उभ्या होत्या, फोन अजून कानाशीच होता. इतकी वर्षं बाहेर राहून त्यांची बोली पुस्तकी झाली होती. त्या दिवशी अमरावतीचं माहेर परत आलं.

"अंतर कोणं विचारलं तुम्हाले? मले मालूम नाही का अंतर? मी तुम्ही येता का म्हणून विचारून राह्यली."

सरांचाही फोन कानाशीच होता. "सांगतो," ते म्हणाले.

"आता तारीख नाही भेटणार," काकू म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

मी फाईल तशीच टाकून घरी आले.

नंतरचे चार-सहा दिवस साडेसातचा फोन झाला नाही. सर ऑफिसात बसत, फोन समोर ठेवत आणि उचलत नसत. कोर्टातही त्यांचं लक्ष नव्हतं. मला त्यांची काळजी वाटत होती आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही, कारण सर गेले तर माझं काय, हा प्रश्न होताच. पण सर जातील असं मला वाटत नव्हतं. वणीत त्यांना नावानं हाक मारणारी माणसं प्रत्येक वळणावर होती. पुण्यात त्यांना कोण ओळखणार होतं? तीस वर्षं ज्या माणसानं फक्त दोरा हलवला आणि पाय हलवला नाही, तो या वयात कुठे जाणार?

एका सकाळी एक किरकोळ काम होतं. सर उभे राहिले आणि पुढची तारीख मागितली. न्यायाधीश मॅडम वयानं लहान, सरांचा मान ठेवणाऱ्या. त्या हसून म्हणाल्या, "वकीलसाहेब, मागच्या वेळीही तुम्हीच मागितली होती." रोज कोर्टात बोललं जातं तसलंच वाक्य. पण सर तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "खरं आहे मॅडम. तारीख नको. आजच ऐका." आणि तयारी नसताना त्यांनी ते काम चालवलं, बरंही चालवलं.

बाहेर येऊन कडुलिंबाखालच्या बाकावर बसले. "बेटा, झरीवाल्या बाबाचं काम तुले जमंल ना?"

"जमेल सर. पण काहून?"

उत्तर न देता ते घराकडे निघाले. कोट अंगावर तसाच. मी फायली घेऊन मागे. जिना चढून सर दाराशी थबकले. काकू खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या.

"येतो," सर म्हणाले.

काकूंनी वर पाहिलं नाही. "आत्ता तर आले. आता कुठं निघाले?"

"जाऊन नाही राह्यलो. पुण्याले. येतो म्हणून राह्यलो मी."

काकूंचा हात भाजीतच थांबला. मला वाटलं, त्या रडतील. त्यांनी एक कोवळा देठ मोडला, बाजूला ठेवला.

"तिथं सकाळी थंडी असते," म्हणाल्या. "कोटाशिवाय दुसरं काही आहे का घालायला तुमच्याजवळ?"

"नाही," सर म्हणाले.

"बसा मग. उभे काहून राह्यले?"

सर त्यांच्याशेजारी जमिनीवर, काळ्या कोटासकट बसले आणि भाजी निवडायला लागले. चुकीचीच निवडत होते. काकू त्यांच्या हातातून एकेक काडी काढून घेत होत्या. मी फायली हळूच टेबलावर ठेवल्या.

बार रूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एका जुन्या वकिलांनी सगळ्यांदेखत छेडलं, "काय साहेब, या वयात बायकोच्या मागं चालले म्हणे?" सर म्हणाले, "मागं नाही. संगं."

मी नागपूरपर्यंत पोहोचवायला गेले होते. विमानतळावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, सर आजवर अनेकदा विमानानं गेले-आले होते, काकूंचा तर निम्मा जन्म विमानतळांवर गेला होता, पण दोघं मिळून एकाही विमानात बसली नव्हती. एक जाई तेव्हा दुसरं वाट पाहत असे. सर काउंटरवरच्या मुलीला पुन्हापुन्हा विचारत होते, "सीट जवळजवळच आहेत ना?" ती म्हणाली, "हो काका, अगदी शेजारी." तरी त्यांनी दोन्ही पास काढून पाहिले.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मी पुण्याला गेले. संध्याकाळी भेटायचं ठरलं होतं. सरांनी मला काकूंच्या संस्थेच्या फाटकाशीच बोलावलं. सर ओळखू आले नाहीत पटकन. निळा स्वेटर, पायात बूट, हातात भाजीची पिशवी. फाटकावरचा रखवालदार मला म्हणाला, "काका रोज येतात. सुटायच्या कितीतरी आधी." सरांना त्या रखवालदाराच्या मुलीची दहावीपर्यंतची सगळी हकीकत माहीत होती. वणीची त्यांनी चौकशी केली, मुन्शीजींच्या गुडघ्याची केली, झरीवाल्या बाबांच्या निकालाची केली. निकाल आपल्या बाजूनं लागल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मग काकू बाहेर आल्या. भोवती शिकाऊ मुलामुलींचा घोळका, सगळे वर आभाळाकडे हात करून वाद घालत होते. सर एक पाऊल पुढे झाले आणि त्यांच्या खांद्यावरची बॅग न विचारता स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"भेंडी आणली का पुन्हा?" काकूंनी पिशवीत डोकावून विचारलं.

"कोवळी आहे, पाहा तरी."

"काल बी कोवळीच होती."

घोळक्यातली एक मुलगी, बहुधा नुकतीच दाखल झालेली, सरांकडे पाहून गोंधळली. "मॅडम, हे कोण?"

काकू भेंडी मोडून पाहत होत्या. मान वर न करता, अगदी साध्या आवाजात त्यांनी सांगितलं, "हे माझे मिस्टर. इथंच असतात."